नत्थुजींचा खराब कोळसा

कोळसा कानाने निवडायचा असतो, हे मला नत्थुजी वानखड्यांकडून कळलं. खरं तर कोळशाचं दुकान माझं. माझे वडील मोतीराम गवई यांनी अमरावतीच्या इतवारा बाजाराच्या तोंडाशी टाकलेलं, आणि ते गेल्यापासून मी, दीपमाला, एकटी चालवते. इस्त्रीवाले, तंदूरवाले, लोबान-धूपवाले, सगळे माझ्याकडून माल नेतात. लहानपणापासून हात काळे करून बसलेली बाई मी, मला कोणी कोळसा शिकवावा हे मला मुळीच खपत नाही. पण हा म्हातारा माझ्याच पोत्यासमोर उकिडवा बसायचा, करवंटीच्या कोळशाच्या दोन चौकोनी वड्या उचलायचा, कानाशी नेऊन एकमेकींवर वाजवायचा. टण् वाजली तर बाजूला ठेवायचा. थप् वाजली तर परत पोत्यात.

"ओली हाये," म्हणायचा. नाहीतर, "हिच्यात भुसा भरला हाये, माय."

"काकाजी, साडी घेऊन राहिले का तुमी?" मी विचारायची. "गुडगुडी फुकाले कोळसाच लागते ना? मंग घ्या ना कोनताही."

त्यावर ते आणखी दोन वड्या उचलून वाजवायचे. वाजवून झालं की एक वडी माझ्या शेगडीवर ठेवायचे. चारी अंगांनी लाल होऊन तिच्यावर पांढरी राख चढेपर्यंत वाट पाहायचे. राख पांढरी पडली आणि जागची हलली नाही तर माल खरा. तपकिरी पडली, उडाली, तर खोटा. शेवटी नाक खाली नेऊन वास घ्यायचे आणि वासच आला नाही की त्यांचा चेहरा खुलायचा. तोवर मागे दोन इस्त्रीवाले गाड्यांचे हॉर्न वाजवत असायचे आणि माझं डोकं तापलेलं असायचं.

नत्थुजी बडनेऱ्याला राहतात. घराणं शेतीवालं कुणबी, पण हे रेल्वेत लागले आणि फाटकावर गेटमन म्हणूनच निवृत्त झाले. गाडी दिसण्याआधी ती ऐकायची, हीच त्यांची नोकरी. कान तिथेच तयार झाला असेल. वडलांकडून त्यांना वावर आलं नाही, ते भावांनी ठेवलं. यांच्या वाट्याला गुडगुडी आली. पितळेच्या पट्ट्या मारलेल्या नारळाच्या करवंटीत पाणी, वर चिलीम, चिलमीत गूळ घालून मळलेली तंबाखू, आणि तंबाखूवर निखारा. जुन्या काळी त्या गुडगुडीची नळी कोणाच्या हातात जाते आणि कोणाच्या नाही, याला गावात मोठा अर्थ होता. माझ्या आज्याच्या हातात ती कधी गेली नाही. एवढंच सांगते आणि पुढे जाते.

आधी नत्थुजी बाभळीचा कोळसा न्यायचे. मध्यंतरी शहरातल्या पोट्ट्यांना हुक्क्याचं खूळ लागलं, कॅफेवाले माझ्याकडे नारळाच्या चौकोनी वड्या मागायला लागले. मी नागपूरहून पोती मागवली. मग हुक्का पार्लर बंद झाले आणि पोती माझ्या छातीवर बसली. त्यात नत्थुजी आले, दोन वड्या वाजवल्या, एक जाळून पाहिली आणि म्हणाले, "हा बरा हाये. तोंडाले कडू लागनार नाई." पोट्ट्यांचा उरलेला माल असा म्हाताऱ्याच्या कामी आला. तेव्हापासून हे पक्के गिऱ्हाईक, आणि पक्की डोकेदुखी.

तर असा हा माणूस गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दुकानात आला, पोत्यांकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "माय, तुह्याकडे सगळ्यात खराब कोळसा कोनता हाये?"

मला वाटलं टोमणा मारून राहिले. म्हटलं, "माह्या दुकानात खराब माल नाई राहत."

"राहते ना. सगळ्यायच्याच दुकानात राहते. दाखव."

मी चिडून पावसाने भिजलेलं तळाचं पोतं पुढे ओढलं. आणि काय सांगू, तीच सगळी परीक्षा सुरू झाली, फक्त उलटी. टण् वाजली की परत, थप् वाजली की पिशवीत. शेगडीवर ठेवलेली वडी तडतडली, ठिणग्या उडाल्या, धुराने माझे डोळे भरून आले, आणि नत्थुजींनी समाधानाने मान हलवली. "हा दे."

"कायले पायजे पन?"

"लागते."

पुढच्या आठवड्यात परत आले तक्रार घेऊन. "थो कोळसा तं बरा निघाला, माय. वाळला का बरोब्बर पेटते. याच्याहून खराब नाई का?"

आता तुम्हीच सांगा, चांगला माल दिला म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक कोणी पाहिलं आहे का? मी त्यांना झट पेटणाऱ्या गोल टिकल्या दाखवल्या. त्यांना काडी लावली की फुसफुसतात आणि दारूगोळ्यासारखा वास मारतात. एरवी नत्थुजी त्यांना हात लावत नसत. "हा कोळसा नाई, फटाका हाये," म्हणत. त्या दिवशी पाकीट उचललं, नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं, आणि घेतलं.

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट कळली नाही तर मला जेवण जात नाही. मी नाना तर्क केले. म्हातारपणी डोकं फिरलं म्हणावं तर बोलणं-चालणं ठाकठीक. डास हाकलायला म्हणावं तर बडनेऱ्यात काय कडुनिंबाचा पाला मिळत नाही? मग एक वाईट तर्क आला. बंद खोलीत कोळसा पेटवून माणसं मरतात, हे आम्हा कोळसेवाल्यांना माहीत असतं. आणि गेल्या काही दिवसांत नत्थुजींचा चेहरा उतरलेला होता. घरी आशाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खोकला आहे, एवढं ते एकदा बोलले होते. त्यांची मुलगी पौर्णिमा अकोल्याला जठारपेठेत राहते, तिने आईला तिथे डॉक्टरला दाखवलं, हेही. त्यापुढे शब्द नाही. मला राहवेना. एका संध्याकाळी शटर ओढलं, पोत्यातल्या टणटणीत वड्या निवडून पिशवीत भरल्या, आणि ऑटोत बसून बडनेऱ्याला गेले. निमित्त काय, तर काकाजी तुमचा नेहमीचा माल आला आहे.

नत्थुजी घरासमोर ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर, रिकामे. मला पाहून दचकले. पण आशाबाईंनी आतूनच हाक दिली, "कोन हाये?" मी नाव सांगितलं, तशा म्हणाल्या, "ये वं माय, आत ये," आणि मी स्वयंपाकघरात गेले.

आशाबाई बारीक अंगाच्या, कपाळावर मोठं कुंकू. शेगडीवर त्याच माझ्या फुसफुसणाऱ्या टिकल्या. खिडकी उघडी होती तरी धूर कोंडलेला. त्यांनी चिमट्याने एक टिकली उचलली, चिलमीवर ठेवली, पदर डोक्यावर पुढे ओढला, नळी तोंडाला लावली आणि ओढली. गुडगुडीने एकदा गुडगुड केली आणि थांबली. त्यांनी परत ओढली. टिकली विझू पाहत होती. त्या ओढत गेल्या, खोकल्या, डोळे पुसले, परत ओढत गेल्या. मी पाहतच राहिले.

"काकू, तुमी ओढता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू विचारलं, तुम्ही चोऱ्या करता का. "मी? नाई वं माय. आमच्या घरात बायका ओढत नाईत." आणि परत एक झुरका घेतला. "मी जागी करतो."

मग त्यांनी मला सांगितलं, अगदी भाजीची कृती सांगावी तसं. चुलीतला निखारा बाईच्याच हाताने चिलमीवर जातो. पुरुष चुलीपाशी येत नाही. आणि थंड गुडगुडी पुरुषापुढे किंवा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून निखारा ठेवणारीने आत, पदराआड, तंबाखूचा धूर लागेपर्यंत ओढायची, आणि जागी झाली की बाहेर द्यायची. सासूने लग्नाच्या वर्षीच शिकवलं. सासूला तिच्या सासूने. पाहुणे जास्त असले की दिवसातून कितीदा तरी जागी करावी लागे. अशा घरातल्या बाया जन्मभर तंबाखू ओढत आल्या, आणि त्यातली एकही ओढणारी नव्हती.

"अकोल्याच्या डॉक्टरनं काय सांगतलं?" मी विचारलं.

"त्यानं इचारलं, घरात कोनी ओढते का. म्हटलं, हे ओढते. मंग तुमी ओढता का म्हने. म्हटलं, नाई." त्या एकदम साध्या आवाजात बोलत होत्या. खोटं बोलणाऱ्याचा आवाज तसा नसतो. "मंग डॉक्टर यायलेच लय बोलला. पौर्णिमाबी बोलली. म्हने, बाबा, तुमच्या धुरानं आईची छाती खराब झाली. असाच धूर छातीत गेला तं पुढं आक्सिजनचं नळकांडं लावून खाटेवर बसा लागन म्हने. तवापासून हे भाईर ओट्यावर बसते. मी आतून जागी करून देतो."

मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरला धूर नेमका कुठून छातीत जातो ते कळलं नाही, लेकीला कळलं नाही, आणि बाईला स्वतःला कळलं नाही. पण ओट्यावर बसलेल्या माणसाला कळलं होतं, हे माझ्या आता लक्षात आलं; नाहीतर मुद्दाम खराब कोळसा कशाला नेला असता? मी तशीच बाहेर गेले.

"काकाजी, हे काय लावलं तुमी?" मी हळू पण तापून विचारलं. "काकूले मारता का?"

नत्थुजींनी आधी दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माहीत झालं तुले?"

"झालं. तुमी सोडून काहून देत नाई गुडगुडी?"

"देल्ली ना. डॉक्टरकडून आलो, त्याच दिवशी देल्ली. म्हटलं, मले नोको. तरीबी संध्याकाय झाली का इनं जागी केली. मले म्हने, तुमी ओढा नाईतर नोका ओढू, घरात जागी असू द्या. माह्यासमोर आनून ठेवे, मी तोंड लावो नाई, मंग थंडी झाली म्हनून उचलून आत नेऊन परत जागी करे." त्यांनी परत दाराकडे पाहिलं. "तवा मले समजलं माय. मी ओढतो म्हनून थे जागी करत नाई. थे जागी करते म्हनून मी ओढत होतो. ओढनारी थे हाये."

"मंग सांगा ना तिले तसं."

"कसं सांगू? जिले अख्खा जन्म वाटलं आपन ओढत नाई, तिले लेकीसमोर म्हनू का तू ओढते? शरमेनं मरन थे." त्यांनी डोळे पुसले, धुराने नव्हे. "म्हून म्हटलं, गुडगुडीच बेचव करा. कोळसा असा आना का तिले गुडगुडीचीच किळस आली पायजे. कोनाले काई सांगा लागनार नाई, आपोआप सुटन. रोज वाट पाहून राहिलो."

मी कपाळावर हात मारला. "काकाजी, तुमी कदी पाह्यलं का आत काय होऊन राहिलं ते? चांगला कोळसा दोन झुरक्यात जागा होते. तुमचा हा भिकार कोळसा जागाच होत नाई. थे बाई ओढूओढू दमून जाते. दोनाच्या जागी पंधरा झुरके घेऊन राहिली, अन् त्यात हा दारूगोळ्याचा धूर. तुमी तिची सोडवून नाई राहिले, वाढवून राहिले."

नत्थुजींचं तोंड उघडंच राहिलं. "आवाज तं ऐकू येत होता," ते म्हणाले. "आजकाल लय वेळ गुडगुडते. मले वाटलं, कटाळून राहिली. आज ना उद्या ठेवून देईन." गाडी दिसण्याआधी ऐकणारा माणूस हा. पण जागी करायच्या वेळी पुरुषाने चुलीपाशी जायचं नाही, म्हणून आवाज ऐकून त्याने भलताच अर्थ लावला होता.

आतून परत खोकल्याची उबळ आली, लांबलचक. ती थांबायच्या आधीच नत्थुजी उठले. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. मीही मागे गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कोणी अडवलंही नाही.

"अजी, चुलीपाशी कायले येऊन राहिले?" आशाबाई गडबडल्या. "दीपमाला पाहून राहिली ना."

"पाहू दे." त्यांनी शेगडीवरच्या टिकल्या खाली काढून पाण्यात टाकल्या. पिशवीतल्या दोन वड्या कानाशी वाजवल्या, सवयीने, आणि एक शेगडीवर ठेवली. मग उकिडवे बसून वाट पाहिली. वडी पांढरी झाली तसा बायकोच्या हातातून चिमटा घेतला, निखारा चिलमीवर ठेवला, दोनदा ओढलं. गुडगुडी जागी झाली. ती उचलून ते ओट्यावर जाऊन बसले.

आशाबाई तशाच उभ्या होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या, सोडत होत्या. थोड्या वेळाने त्या दाराशी आल्या.

"मले द्या," त्या म्हणाल्या.

"कायले?"

"जागी करतो."

"जागी हाये."

रस्त्यावरून माणसं येत-जात होती. आशाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नळीकडे. मी मनातल्या मनात म्हटलं, दीपमाले, आता तरी तुझं तोंड बंद ठेव. मी ठेवलं.

"मले ओढाची हाये," त्या म्हणाल्या. अगदी हळू. बोलल्या आणि स्वतःच खाली ओट्यावर बसल्या, पदर मागे सरला होता तो तसाच राहू दिला.

नत्थुजींनी नळी त्यांच्यापुढे केली. त्या ओट्यावर, रस्त्याच्या देखत, आशाबाईंनी एक झुरका घेतला आणि खोकल्या. नत्थुजी पाठीवरून हात फिरवत राहिले. खोकला थांबल्यावर आशाबाईंनी नळी परत दिली नाही, ओढलीही नाही, मांडीवर धरून बसल्या.

"डॉक्टरले खोटं सांगतलं म्या," त्या म्हणाल्या.

"तू खोटं नाई सांगतलं. तुले माहीत नव्हतं."

"तुमाले माहीत होतं?"

नत्थुजींनी हळूच मान डोलावली.

"अन् तुमी तिच्या शिव्या खाल्ल्या," आशाबाई म्हणाल्या. "लेकीच्या." आणि त्या रडायला लागल्या. मी पिशवी तिथेच ठेवली आणि ऑटो शोधायला निघाले.

पुढचं नत्थुजींनीच दुकानात येऊन सांगितलं. दोघं अकोल्याला गेले. दवाखान्यात डॉक्टरने परत तेच विचारलं, घरात कोणी ओढतं का. नत्थुजी बोलायला गेले तर आशाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "मी ओढतो. लग्न झालं तवापासून." पौर्णिमा आईकडे पाहतच राहिली. डॉक्टर रागावला नाही. त्याने नवीन तपासण्या लिहिल्या, छातीच्या व्यायामाला फुंकायचं यंत्र दिलं, आणि म्हणाला की आता तरी रोग कुठून आला ते कळलं. छाती पहिल्यासारखी होणार नाही, पण सोडलं तर यापुढे बिघडायची थांबेल. परत येताना बडनेरा येईपर्यंत पौर्णिमाचे तीनदा फोन आले. पहिले दोन आईला होते, तिसरा बापाला. तो घेऊन नत्थुजी डब्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. लेक काय म्हणाली ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी, आश्चर्य म्हणजे, विचारलं नाही.

सुटायला सोपं गेलं नाही. आशाबाईंनी दोनदा लपून ओढली आणि दोन्ही वेळा स्वतःच नवऱ्याला सांगितलं. आता गुडगुडी धुऊन फळीवर ठेवली आहे.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "मंग काकाजी, आता कोळशाचं काम संपलं म्हना. माहं एक गिऱ्हाईक गेलं."

"कायले जाईन?" ते म्हणाले. "दे ना कोळसा. चांगला दे."

"आता कायले पायजे?"

नत्थुजी जरा लाजले. "संध्याकाय झाली का तिचे हात बावरते, माय. काय करावं समजत नाई तिले. डॉक्टर म्हने हाताले काई काम द्या. म्हून आमी एक वडी पेटवतो, भाईर अंगनात, उघड्यावर. चिलीम नाई, तंबाखू नाई. थे चिमट्यानं उलटवते, चारी अंगानं पांढरी करते. लांबून. अन् मी बाजूले बसतो. इझली का जेवाले बसतो दोघं." मग त्यांनी नारळाच्या वड्यांचं पोतं स्वतःकडे ओढलं. "धूर नाई पायजे बिलकूल. तिच्यासमोर पेटवाची हाये."

आणि ते उकिडवे बसले. एक वडी उचलली, दुसरी उचलली, कानाशी नेऊन वाजवली, मान हलवली, परत टाकली. मागे इस्त्रीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला म्हटलं, थांब जरा, आणि नत्थुजींसाठी शेगडी पुढे सरकवली.